माझा बेस साळ्याच्या दिवाणावर

माझ्या साळ्याने मला फसवलं. माझ्या घरात, माझ्या पैशाने घेतलेल्या होम थिएटरचा सगळा बेस त्याने स्वतःच्या दिवाणाकडे नेला आणि मला माझ्या खुर्चीत नुसते संवाद ऐकत बसवलं. माझ्या बायकोने आपल्या भावाला साथ दिली. स्पीकर बसवून देणाऱ्याने दोघांनाही साथ दिली. उमरेडचे आमचे व्याही साक्षीला होते आणि त्यांनी साक्ष माझ्याविरुद्ध दिली. आता हे सगळे म्हणतात की फसवणूक कोणी केलीच नाही, दोष खोलीचा आहे. खोलीवर ढकलणं सोपं असतं, ती उलटून बोलत नाही. म्हणून मीच बोलतो आहे.

बेस म्हणजे सिनेमातला तो खालचा जड आवाज, जो कानापेक्षा छातीला जास्त ऐकू येतो. ढोल, ढग, बॉम्ब, हेलिकॉप्टर. हा आवाज काढायला एक वेगळा मोठा डबा असतो, त्याला सबवूफर म्हणतात. बाकीचे स्पीकर बोलतात, गातात. हा डबा फक्त दणके देतो. मला तो डबा पाहिजे होता. बाकीचे स्पीकर त्याच्यासोबत घ्यावेच लागतात म्हणून घेतले.

त्याचं कारण जुनं आहे. माझा धंदा कूलरचा. पत्र्याची बॉडी, मोटर, पंखा, पाण्याचा पंप आणि तीन बाजूंना गवताच्या ताट्या. पण सावनेरहून नागपुरात आलो तेव्हा माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मोटर वाइंडिंगच्या एका दुकानात लागलो. त्या दुकानाची मागची भिंत आणि एका टॉकीजची भिंत एकमेकींना चिकटून होत्या. तिकीट काढायची ऐपत नव्हती, म्हणून मी त्या भिंतीला पाठ लावून डबा खायचो. भिंतीतून संवाद यायचे नाहीत, गाणी यायची नाहीत. यायचे फक्त दणके. त्या दणक्यांवरून मी सिनेमाची गोष्ट ठरवायचो. सलग दणके म्हणजे मारामारी. एकच मोठा दणका आणि नंतर शांतता म्हणजे कोणाचा तरी बाप मेला. पुढे पैसे आल्यावर त्यातले काही सिनेमे पाहिले, तेव्हा कळलं की मी जिथे बाप मारला होता तिथे बहुतेक वेळा नुसतं दार आपटलं होतं. तरी माझी गोष्टच जास्त चांगली होती, हे मी आजही सांगतो.

तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस हा दणका भिंतीच्या आत बसून घ्यायचा. खुर्चीत, पाय लांब करून.

नागपुरातच हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावर एक खोली फक्त यासाठी ठेवली. खुर्ची आधी घेतली, स्पीकर नंतर. मागे झुकणारी, पायाखाली फळी निघणारी, भल्ली जड खुर्ची. दुकानदाराने तिच्यासोबत मला एक स्टूल आणि एक उशी फुकट दिली, कारण मी उठून जायला तयार नव्हतो. भाव केल्याशिवाय घेतलेली वस्तू मला चोरीची वाटते. डॉक्टरने दोन गोळ्या लिहून दिल्या तर मी एकीवर आणतो.

खुर्ची कुठे ठेवायची, असा प्रश्न निघाला. तेव्हा साळा शेजारी उभा होता. आता याची माहिती देणं भाग आहे. माझा साळा मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. लग्नात मंडप टाकतो, खुर्च्या देतो, वरातीला डीजेचे डबे भाड्याने देतो. रोज संध्याकाळी बहिणीला भेटायला म्हणून येतो आणि आडवा होतो. तो म्हणाला, "भाऊजी, मालक मधात बसते. काठावर कोण बसते? पाहुणे."

मला ते इतकं पटलं की मी फरशीवाल्याला बोलावलं. दोरी लावून चारही भिंतींपासून अंतर मोजायला लावलं आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी लाल दगडाचं फूल बसवून घेतलं. त्या फुलावर माझी खुर्ची.

"आन् तू कुठं बसशील गा?" मी विचारलं.

"मी काय, फालतू माणूस," साळा म्हणाला. "मी त्या कोपऱ्यात पडतो."

मागच्या कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटवून एक दिवाण टाकला. साळ्याच्या नम्रतेचं मी व्याह्यांजवळ फोनवर कौतुक केलं. जन्मभर डीजेच्या डब्यांसोबत राहिलेला हा माणूस उगाच कोपरा मागणार नाही, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

स्पीकर घेताना मी स्पीकरच्या दुकानदाराला घाम फोडला. शेवटी त्याने हात जोडले आणि बसवून देणं, जुळवून देणं, पुन्हा येऊन पाहणं, सगळं फुकट कबूल केलं. उन्हाळ्यातल्या दुपारी तो स्वतः घरी आला. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. खर्रा तोंडात असला की तो हातवाऱ्यांनी बोलायचा, आणि खर्रा कायमच असायचा. त्याने स्पीकर लावले, सबवूफर समोरच्या भिंतीजवळ ठेवला. बायकोने त्या काळ्या डब्याला हळदीकुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. मग त्याने थैलीतून एक तिपाई काढली आणि तिच्यावर बोटाएवढा माइक बसवला.

"हे कशाले?" मी विचारलं.

तो खिडकीत जाऊन थुंकून आला. एवढ्यावरून प्रश्न महत्त्वाचा होता असं समजायचं. "काका, प्रत्येक खोली आवाज खराब करते. भिंतीवर आपटतो, फरशीवर आपटतो, काचेवर आपटतो. म्हणून मशीन आधी खोलीचा आवाज ऐकते आन् मग स्पीकरचा आवाज दुरुस्त करते."

"नवीन माल आहे ना? नवीन मालाची दुरुस्ती काहून?"

"मालाची नाही काका. तुमच्या खोलीची."

"खोलीही नवीन आहे."

त्याने वर पंख्याकडे पाहिलं, नंतर कूलरकडे. मग म्हणाला, "कूलर बंद करा लागते."

माझ्या घरात मी बनवलेला कूलर आहे. घरात आलेल्या माणसाने त्याच्याबद्दल असं बोलणं म्हणजे पंगतीला बसून वरणाला नावं ठेवण्यासारखं आहे. मी म्हणालो, "माझा कूलर आवाज करत नाही."

तो काहीतरी बोलला.

"काय?" मी म्हणालो.

तो पुन्हा बोलला.

"जरा जोरात बोल ना!"

"तेच सांगून राहिलो!" तो ओरडला.

कूलर बंद केला. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी, दारं-खिडक्या लावून, कूलर बंद. आम्ही सगळे भिंतीला लागून गप्प उभे राहिलो. त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि बटण दाबलं. समोरच्या स्पीकरमधून 'हूऽऽऽ' असा पोटातला आवाज निघाला आणि वर चढत चढत 'ईऽऽऽ' पर्यंत गेला. तो जेमतेम संपत आला तोच खाली कुकरची शिट्टी झाली. मशीनने पडद्यावर तक्रार केली. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी रस्त्यावरून भंगारवाला गेला, त्याच्या भोंग्यासकट. पुन्हा. मग साळ्याचा फोन वाजला.

"नवरीचा बाप आहे," साळा कुजबुजला. "घ्याच लागते."

"तू बाहेर जा बे!"

"दार उघडलं तर खोली बदलते ना, भाऊजी," साळा म्हणाला. तेव्हा मी घामात इतका भिजलो होतो की, खोली बदलते हे याला कसं माहीत, हा प्रश्न मला सुचला नाही. आता सुचतो.

पहिलं माप माझ्या खुर्चीवर झालं. मग तो तिपाई उचलून दिवाणाकडे निघाला.

"तिकडे कुठं?" मी म्हणालो.

"सगळ्यांच्या जागेवर माप घ्या लागते काका. मग मशीन सगळ्यांसाठी मधला हिशेब काढते."

"पैसे सगळ्यांनी दिले का?"

"नाही, पण..."

"मग सगळी मापं माझ्या खुर्चीवर घे. जितकी घ्यायची तितकी घे."

त्याने समजावलं. मी ऐकलं नाही. एका जागेचं माप पुन्हा पुन्हा घेऊन काय मिळणार, असं तो म्हणाला. मी म्हणालो, ते माझं मी पाहतो, फुकट मिळणारी मापं मी दुसऱ्याच्या दिवाणावर घालवणार नाही. शेवटी त्याने सगळी मापं माझ्या खुर्चीभोवतीच घेतली. डोक्याजवळ, डाव्या कानाजवळ, उजव्या कानाजवळ. मी सौदा जिंकलो होतो. साळा घाम पुसत दिवाणावर बसून हसत होता. ते हसूही मला आता आठवतं.

संध्याकाळी पहिला सिनेमा लावला. खास निवडून, ज्यात अख्खा पूल उडतो तो. बायको चहा घेऊन आली. मी खुर्ची मागे झुकवली, फळी काढली, छाती पुढे केली. पडद्यावर पूल उडाला. माझ्या खुर्चीत शेजारच्या घरी कोणी गादी झटकावी एवढा आवाज आला.

मागून साळा ओरडला, "अरे बापा! भाऊजी, छाती हालली ना!"

मी वळून पाहिलं. दिवाणाच्या काठावर त्याचा चहाचा कप होता आणि कपातला चहा थरथरत होता. माझ्या कपातला चहा कोजागिरीच्या दुधासारखा शांत होता.

"काय बकतो?" मी म्हणालो. "काहीच तर झालं नाही."

"नाही कसं? इथं तर पाठीतून पोटात आलं." आणि बायको, जी दिवाणाशेजारी उभी होती, ती म्हणाली, "हो, मले बी लागलं."

मी स्पीकरवाल्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. तो आला, माझ्या खुर्चीवर माइक ठेवून त्याने टॅबवर एक रेघ दाखवली. रेघ बाकी बरी चालली होती, पण डाव्या बाजूला, जिथे बेस असतो म्हणे, तिथे विहिरीत पडल्यासारखी एकदम खाली गेली होती.

"हे पाहा. तुमच्या खुर्चीत खड्डा आहे."

"खुर्ची नवीन आहे."

"खुर्चीत नाही काका, खुर्चीच्या जागेत. समजा एक हातगाडी आहे. समोरून एक माणूस ढकलून राहिला, मागून दुसरा ढकलून राहिला. गाडी कुठं जाईल?"

"कुठंच नाही."

"तसंच आहे. पुढच्या भिंतीकडून बेस येते, मागच्या भिंतीवर आपटून वापस येते. खोलीच्या बरोबर मधात दोघं एकमेकाले मारून टाकतात. आन् तुमची खुर्ची बरोबर मधात आहे. एक बोटही इकडेतिकडे नाही. मी एवढी बरोबर मधात ठेवलेली खुर्ची आजवर पाहिली नाही."

ही स्तुती होती की टोमणा, ते चष्म्यामुळे कळलं नाही.

"आन् कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात बेस जमा होते. कूलरखाली पाणी जमा होते तसं."

कूलरबद्दल हा माणूस दुसऱ्यांदा बोलला होता. पण मी राग गिळला, कारण मला खड्डा भरून घ्यायचा होता. "भर मग," मी म्हणालो.

"भरत नाही. कितीही टाका, तिथंच मरते."

जन्मात मला कोणी 'होत नाही' म्हटलं आणि ते झालं नाही, असं घडलेलं नाही. मी म्हणालो, "बरं, पूर्ण नको भरू. अर्धा भरून दे."

"काका, हा भाव करायचा विषय नाही आहे."

"पाव भर."

बायको म्हणाली, "अहो, तो नाही म्हणून राहिला ना?"

"तू मधात बोलू नको वं. नाही म्हणूनच सुरुवात होते."

अर्ध्या तासाने तो थकला आणि त्याने मशीनमध्ये त्या ठिकाणचा बेस वाढवून दिला. आम्ही पूल पुन्हा उडवला. माझ्या खुर्चीत गादीऐवजी सतरंजी झटकल्यासारखं वाटलं. मागे दिवाणावर मात्र साळ्याचा चष्मा नाकावरून घसरून खाली पडला. मी अजून वाढवायला सांगितलं. खिडकीची काच वाजायला लागली, भिंतीवरचं कॅलेंडर डोलायला लागलं, साळा दोन्ही हातांनी दिवाण धरून "वा भाऊजी, वा!" करत होता. माझ्या वाट्याला काही नाही. मी जितका भांडलो तितका बेस साळ्याला मिळाला. भाव मी करत होतो आणि माल त्याच्या घरी जात होता.

मी सिनेमा बंद केला आणि साळ्याला उभं केलं. "तुले हे माहीत होतं. तू डीजेवाला आहे. कोपऱ्यात बेस जमा होते हे माहीत असल्याशिवाय तू कोपरा मागितला नाही."

"भाऊजी, डीजे मैदानात वाजते," साळा शांतपणे म्हणाला. "मैदानाले कोपरे असतात का?"

मी आणखी चिडलो.

स्पीकरवाल्याला घरी जायचं होतं. तो म्हणाला, एक उपाय करून पाहू. सबवूफर उचलून माझ्या खुर्चीवर ठेवायचा, तो वाजवायचा आणि आपण जमिनीवर रांगायचं. खोलीत रांगता रांगता जिथे बेस नीट ऐकू येईल, तिथे नंतर सबवूफर ठेवायचा. मग माझ्या खुर्चीतही तो तसाच ऐकू येईल.

"रांगायचं काहून? चालता नाही येत?"

"डबा जमिनीवर ठेवायचा आहे ना काका. मग कानही जमिनीजवळ पाहिजे."

मला ते बरोबर वाटलं. उलट कष्ट असल्यामुळे जास्तच बरोबर वाटलं. सबवूफर माझ्या खुर्चीवर चढवला. बायकोने सकाळी त्याला पुन्हा हळदीकुंकू लावलं होतं, ताजं जास्वंद होतं. तो डबा माझ्या खुर्चीत माझ्यापेक्षा ऐटदार दिसत होता. स्पीकरवाल्याने त्यातून 'धूम... धूम...' असा एकसारखा आवाज सोडला. मी लुंगी सावरून गुडघ्यांवर आलो. साळा माझ्या मागे. स्पीकरवाला त्याच्या मागे, काळा चष्मा डोक्यावर चढवून. आम्ही तिघं खोलीला फेरी घालायला लागलो. दर हातभर अंतरावर थांबून डोकं जमिनीकडे न्यायचं आणि कान द्यायचा.

"इथं कसं आहे?"

"पातळ."

"पुढं चला."

बायको दारात उभी होती. "मायबाई, काय करून राहिले हे!" ती म्हणाली, आणि तिच्या मागून आमचे व्याही आत आले.

आमचे व्याही म्हणजे मुलीचे सासरे. उमरेडच्या कोळशाच्या खाणीत त्यांची सगळी नोकरी गेली. एसटीने नागपुरात दवाखान्याच्या कामाला आले होते आणि मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, एकदा येऊन माझा आवाज ऐकून जा. त्यांना दिसलं ते असं: खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर कुंकू लावलेला, फूल वाहिलेला काळा देव, आतून धूम धूम आवाज, आणि त्याला गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालून माथा टेकणारे तीन पुरुष.

व्याह्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. काही न विचारता हात जोडले, डोक्याला रुमाल बांधला आणि आमच्या मागे रांगायला लागले.

मला त्यांना थांबवता आलं असतं. पण साळ्याने मला डोळ्याने खुणावलं की राहू द्या, आणि खरं सांगायचं तर चौथा कान कामाचा होता. अर्धी फेरी झाल्यावर व्याही मला हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, नवस कशाचा आहे?"

"बेसचा," मी म्हणालो.

ते समजल्यासारखे पुढे सरकले.

फेरी झाली. बेस सगळ्यात चांगला दारातल्या उंबऱ्यावर ऐकू येत होता. तिथे सबवूफर ठेवावा, असं स्पीकरवाल्याने हाताने दाखवलं. बायको म्हणाली, "आन् मी चहा घेऊन उडी मारून येऊ का?" ते तिथेच संपलं. डबा पुन्हा समोरच्या भिंतीजवळ गेला.

व्याह्यांना मी सन्मानाने माझ्या खुर्चीत बसवलं आणि पूल उडवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "बरं आहे. आमच्या टीव्हीचाही असाच आहे."

मी रिमोटने पूल पुन्हा मागे घेतला. त्यांच्याशी काय भांडणार? खाणीतले खरे सुरुंग ऐकलेला माणूस. तेवढ्यात साळा म्हणाला, "व्याहीबुवा, इकडे या, इकडे कूलरची हवा लागते." आणि त्यांना दिवाणावर घेतलं. पूल पुन्हा उडाला. व्याही दिवाणावर बसल्या जागी उडाले. त्यांनी छातीला हात लावला. डोळे मोठे झाले.

"वा! हा आहे आवाज! आमच्या खाणीत ब्लास्टिंग व्हायचं तेव्हा असाच खालून यायचा!" आणि त्यांनी साळ्याची पाठ थोपटली. माझ्या साळ्याची! "मस्त जमवलं तुम्ही."

आणि साळा म्हणाला, "आपलंच घर आहे. लक्ष द्या लागते."

हे मी जन्मात विसरणार नाही.

व्याही गेले. जाताना दारातून डब्याला पुन्हा नमस्कार केला. स्पीकरवाल्याने थैली भरली आणि खिडकीत जाऊन थुंकून आला, म्हणजे आता महत्त्वाचं बोलणार. "काका, एकच गोष्ट आहे. खुर्ची हातभर पुढं घ्या. खड्डा फक्त मधात आहे. हातभर सरकली की बेस लागते."

"खुर्ची फुलावर आहे."

"मालूम आहे."

"फूल मधात आहे. दोरी लावून मोजलं आहे. माझ्या घरात मी मधून उठू? त्या बेसला सांग, मधात ये म्हणून."

"बेस ऐकत नाही काका."

"मीही ऐकत नाही."

बायको म्हणाली, "हातभरच तर म्हणून राहिला." साळा म्हणाला, "राहू दे ताई. मालक मधातच शोभते." त्याच्या तोंडातून ते वाक्य दुसऱ्यांदा आलं तेव्हा मला सगळा डाव दिसला. मी स्पीकरवाल्याला सांगितलं, वाढवलेला बेस कमी कर, फुकट दिवाणावर सांडायला मी तो विकत घेतलेला नाही. त्याने कमी केला. साळ्याचं तोंड उतरलं. तेवढंच समाधान.

मग मी स्पीकरवाल्याला फोन करायला लागलो. सकाळी माझ्या कूलरच्या कारखान्यात जाताना एक, जेवण झाल्यावर एक. खड्डा भरून दे, नाहीतर सगळं सामान उचलून ने आणि माझा वेळही परत दे. तो "पाहतो काका" म्हणायचा. मी म्हणायचो, घरी येऊ नको, तिथूनच पाहा, आजकाल सगळं मोबाइलवरून होते. तो म्हणायचा, "पाहतो."

असं काही दिवस चाललं. मग एका संध्याकाळी मी एक जुना सिनेमा लावला. कुठला ते सांगत नाही. त्या टॉकीजच्या भिंतीतून जो मी पुन्हा पुन्हा ऐकला होता आणि ज्यात मी नायकाचा बाप मारला होता, तो. बायको आणि साळा मागे काहीतरी खात होते. मी फारशी आशा ठेवली नव्हती. आणि पडद्यावर ते दार आपटलं.

माझ्या पाठीत दणका बसला.

तोच. हुबेहूब तोच, डब्यातली पोळी हातात असायची तेव्हाचा. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मागे घेऊन दार पुन्हा आपटवलं. पुन्हा बसला. मी ते दार इतक्या वेळा आपटवलं की शेवटी साळा म्हणाला, "भाऊजी, आता त्याले आत जाऊ द्या ना."

मी स्पीकरवाल्याला फोन लावला. "भरला ना खड्डा?"

"हूं हूं," तो म्हणाला. तोंडात खर्रा असणार. मी ते 'हो' समजलो. व्याह्यांना उमरेडला फोन करून सांगितलं की घासाघीस केली की खड्डाही भरतो, लोक लवकर हार मानतात. व्याही म्हणाले, "नवस फेडायला विसरू नका." काही दिवस मी इतका खूश होतो की एका गिऱ्हाइकाला कूलरसोबत स्वतःहून पाण्याचा पाइप दिला. त्याला वाटलं पाइप फुटका आहे.

आणि मग रविवारी रिमोट खुर्चीच्या मागे पडला. मी वाकलो. मागे, खुर्चीच्या बाहेर, लाल दगडाचं ते फूल माझ्याकडे पाहत होतं. अर्धंमुर्धं नाही, सगळ्या पाकळ्यांसकट, स्वच्छ पुसलेलं. माझी खुर्ची त्याच्या हातभर पुढे होती.

मी तिथेच उभं राहून सगळ्यांना बोलावलं.

बायको म्हणाली, "पोछा मारताना सरकली असेल."

"ही खुर्ची? हिला चार माणसांनी वर आणलं होतं!"

"मग तुम्ही धपकन बसता, त्यानं सरकली असेल."

साळा म्हणाला, "माझ्यावर घेऊ नका. मी तर दिवाणावरून उठतच नाही, तुम्हीच सांगता साऱ्या गावाले."

स्पीकरवाल्याला विचारलं तर "हूं हूं." व्याह्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही तर उमरेडले होतो. पण ज्यानं सरकवली त्यानं बरोबर हातभरच सरकवली." हातभर हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

म्हणजे सगळे मिळून आहेत. माझ्या पाठीमागे, माझ्या खुर्चीला, मला न विचारता, मी नाही म्हटलं असताना, मध्यभागावरून हलवलं गेलं. मला दणका मिळाला हा वेगळा विषय आहे, त्यात कोणी घुसू नये. बाब अशी आहे की भाव मी करत होतो आणि कोणीतरी माझ्याशी न बोलता सौदा उरकून टाकला.

तर मी सगळ्यांसमोर विचारतो आहे. साळ्याने सांगावं, कोपरा मागितला तेव्हा त्याला बेसचं माहीत होतं की नाही. आणि तुम्हा चौघांपैकी ज्याने खुर्ची सरकवली त्याने समोर यावं, मान वर करून सांगावं की मी सरकवली, आणि कोणाच्या परवानगीने सरकवली तेही सांगावं. मला उत्तर पाहिजे. 'हूं हूं' चालणार नाही.

उत्तर मिळेपर्यंत पुरावा म्हणून खुर्ची आहे तिथेच राहील. तिला कोणी हात लावायचा नाही.